कंपवातात वासाची चाचणी कशी घ्यावी: ओपीडीत आणि स्वमदत गटात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

"वास नीट येतो ना?" असं विचारलं की कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) बरेच पेशंट "हो, येतो की" म्हणतात. त्याच पेशंटच्या नाकाखाली लवंगेची डबी धरली तर चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. खोटं कुणी बोलत नसतं. नजर कमी झाली की माणूस ठेचकाळतो, ऐकू येईनासं झालं की घरचे ओरडून बोलू लागतात. वास मात्र गुपचूप जातो. जेवण पूर्वीसारखं लागत नाही, पण त्याचं खापर सुनेच्या हातावर नाहीतर हल्लीच्या भाज्यांवर फुटतं. म्हणून या कामातला पहिला नियम: नुसतं विचारून थांबायचं नाही, तपासायचं.

हा लेख न्यूरॉलॉजीत नव्याने आलेले निवासी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, संशोधन साहाय्यक आणि स्वमदत गटांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. चाचणी अवघड नाही. ती प्रामाणिकपणे घेणं अवघड आहे, कारण निकाल बिघडवण्याच्या जागा पेशंटच्या नाकापेक्षा आपल्या हातात जास्त असतात.

एवढं माहीत असू द्या

जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं, पण त्याचा वासाशी संबंध लोकांच्या ध्यानात यायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. १९७५ मध्ये पहिला शोधनिबंध आला. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड डॉटी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वास कमी होणं हे आजार किती जुना आहे किंवा हालचाली किती मंदावल्या आहेत यावर अवलंबून नसतं. ते सुरुवातीपासूनच असतं. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात तपासलेल्या दहा पेशंटांपैकी नऊजणांच्या आसपास लोकांत हा दोष सापडतो.

कारण मेंदूत आहे. अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन गोळा होऊन पेशींत साठतं, आणि २००३ मध्ये हाइको ब्राक यांनी मांडलेल्या टप्प्यांनुसार हे साठे अगदी आधी दिसणाऱ्या दोन जागांपैकी एक म्हणजे गंधकंद, नाकाच्या छतावर बसलेला मेंदूचा छोटा भाग. हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी तिथे बिघाड सुरू झालेला असू शकतो. होनोलुलूतल्या जपानी वंशाच्या वयस्कर पुरुषांवरचा मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे वासाचे गुण सर्वांत कमी होते, त्यांच्यात पुढच्या चार वर्षांत कंपवात होण्याचं प्रमाण जास्त होतं.

आंतरराष्ट्रीय मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या २०१५ च्या निदाननिकषांत वास जाणं हा निदानाला बळ देणाऱ्या मुद्द्यांपैकी एक आहे. बळ देणारा, एवढंच. एकटा तो निदान करत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

बातम्यांमुळे अजून एक गल्लत होते, तीही इथेच मिटवू. स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न नावाच्या परिचारिकेला पतीच्या अंगाला येणारा वेगळा वास निदानाच्या कितीतरी वर्षं आधी जाणवला होता. पुढे संशोधकांनी तिला पेशंटांनी आणि निरोगी लोकांनी घातलेले टी-शर्ट हुंगायला दिले आणि त्यांतले पेशंटांचे कोणते हे तिने जवळजवळ बिनचूक ओळखलं. ती गोष्ट खरी आहे आणि त्वचेवरच्या तेलकट स्रावावर त्यातून गंभीर संशोधनही उभं राहिलं. पण तो पेशंटच्या अंगाचा वास. आपण तपासतो ते पेशंटचं नाक. गटात हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा तयार राहा.

पायरी १: चाचणी कशासाठी, हे आधी ठरवा

निदानाबद्दल शंका आहे म्हणून, संशोधनासाठी म्हणून, की पेशंट घरी एकटा स्वयंपाक करतो आणि त्याला गॅसचा वास येतो का हे कळायला हवं म्हणून? हेतूप्रमाणे साधन बदलतं. शेवटच्या कामाला घरच्या डब्याही पुरतात. पहिल्या दोन कामांना पुरत नाहीत.

शुभार्थींसोबत (स्वमदत गटांत पेशंटला शुभार्थी म्हणतात) आलेला मुलगा किंवा मुलगी हमखास म्हणते, "माझीही करा ना एकदा." इथे हात आखडता घ्या. निरोगी माणसात वास कमी निघाला तर त्यातून त्याला कंपवात होईल असं सांगता येत नाही, आणि होणार असलाच तर तो थांबवणारं औषध आज हाती नाही. अमेरिकेत मायकल जे. फॉक्स फाउंडेशनच्या मोठ्या अभ्यासात चाळिशीपुढच्या निरोगी लोकांना अशी चाचणी टपालाने घरपोच पाठवतात, पण तिथे पुढच्या तपासण्यांची साखळी उभी आहे. आपल्याकडे दोन रांगांच्या मधल्या टेबलावर गंमत म्हणून घेतलेल्या चाचणीने एखाद्याची झोप उडवणं मला तरी योग्य वाटत नाही.

पायरी २: आधी नाक, मग मेंदू

वास न येण्याची कारणं ढीगभर आहेत. चाचणीच्या कागदावर वरच्याच बाजूला हे प्रश्न छापून ठेवा: सध्या सर्दी आहे का? ॲलर्जी, सायनसचा त्रास, नाकातला कोंब, नाकाचं ऑपरेशन? डोक्याला मार लागून बेशुद्ध पडले होते का? कोविडनंतर वास गेला होता का, आणि पूर्ण परत आला का? रंगकाम, रसायनं, वेल्डिंग असं काम केलंय का? बिडी-सिगारेट?

महाराष्ट्रात दोन प्रश्न आणखी. तपकीर ओढता का? आणि मिश्री लावता का? तपकीर थेट नाकाच्या आतल्या त्वचेवर बसते. हे प्रश्न "तंबाखू खाता का?" या एका प्रश्नात उरकू नका, कारण "नाही" असं प्रामाणिक उत्तर मिळेल. मिश्रीला तंबाखू न समजणाऱ्या आज्या पुष्कळ आहेत.

सर्दी असेल तर चाचणी पुढे ढकला. "आलेच आहेत लांबून, घेऊन टाकू" हा मोह आवरा. वास अचानक एका दिवसात गेला असेल, एकाच नाकपुडीचा गेला असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. कंपवातात वास हळूहळू आणि दोन्ही बाजूंनी जातो.

वयही लिहा. डॉटी यांच्याच १९८४ च्या अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून जास्त आणि ८० च्या पुढच्या पाऊण लोकांचा वास लक्षणीय कमी झालेला होता. म्हणजे ८४ वर्षांच्या आजोबांचे कमी गुण आणि ४८ वर्षांच्या बाईंचे तितकेच कमी गुण यांचा अर्थ एक नाही.

पायरी ३: साधन निवडा

जगात सगळ्यात जास्त वापरली गेलेली चाचणी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची. तिला लघुरूपात युपसिट म्हणतात. १९८४ मध्ये ती आली. दहा-दहा पानांच्या चार पुस्तिका, प्रत्येक पानावर तपकिरी पट्टी. पट्टी पेन्सिलीने खरवडायची, हुंगायची आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. एकूण ४० वास. तिच्यात नळ्या-बाटल्या लागत नाहीत, टपालाने पाठवता येते आणि आकडेवारी भक्कम आहे. आपल्या कामात मोठी अडचण अशी की तिच्यातले वास अमेरिकी स्वयंपाकघरातले आणि दुकानातले आहेत: रूट बिअर, विंटरग्रीन, जिंजरब्रेड, शेपू घातलेलं लोणचं, चेडार चीज. साताऱ्याच्या आजींनी रूट बिअर ओळखली नाही, तर ते त्यांच्या नाकाचं अपयश नव्हे. १२ वासांची तिची छोटी आवृत्तीही मिळते. ती वेगवेगळ्या देशांत चालावी अशा बेताने केलेली आहे.

दुसरी जर्मनीची 'स्निफिन स्टिक्स'. १९९७ मध्ये थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी मांडली. स्केचपेनासारखी पेनं असतात, शाईऐवजी त्यांत वास. तीन भाग: किती कमी वास जाणवतो, दोन वासांतला फरक कळतो का आणि वास ओळखता येतो का. प्रत्येकी १६, मिळून ४८ गुण. पेनं पुन्हापुन्हा वापरता येतात, म्हणून रुग्णालयाला परवडतात. ओळखण्याच्या भागात संत्रं, केळं, लिंबू, लसूण, कॉफी, लवंग, अननस, गुलाब, दालचिनी असे आपल्याकडचे वास बरेच आहेत. पण ज्येष्ठमध आणि टर्पेंटाइनही आहेत, आणि मासळीही आहे. मालवणच्या काकूंना मासळी एका श्वासात कळेल. कडक शाकाहारी घरात वाढलेल्या बाई नाक मुरडतील पण नाव सांगू शकणार नाहीत. जैन घरात लसणाचंही तेच.

भारतीय वासांची एक चाचणी दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी तयार करून कंपवाताच्या पेशंटांवर वापरली. त्याचा निबंध २०१३ मध्ये आला. तुमच्या विभागात संशोधन सुरू करायचं असेल तर आधी तो वाचा. नवी चाचणी शून्यातून बनवायची हौस नंतर भागवा.

पायरी ४: घरच्या डब्यांची चाचणी बनवायची असेल तर

प्रमाणित चाचणी नसेल, गावातल्या शिबिरात काम असेल किंवा गटातल्या लोकांना सावध करण्यापुरती प्राथमिक कल्पना हवी असेल, तर बारा डब्यांचा संच पुरतो. त्याचे गुण वैद्यकीय अहवालात लिहू नका, "पुढे तपासावं का?" एवढ्यापुरतेच वापरा.

झाकणाच्या, आतलं न दिसणाऱ्या, एकसारख्या छोट्या डब्या घ्या. त्यांत कॉफी पूड, वेलदोडा, लवंग, दालचिनी, बडीशेप, हिंग, सोललेला लसूण, संत्र्याची साल, पिकलेलं केळं, गुलाबाचं अत्तर लावलेला कापूस, अंगाच्या साबणाचा तुकडा आणि खोबरेल तेल. वर पातळ मलमल, म्हणजे रंग दिसत नाही आणि पूड नाकात जात नाही. डबीच्या तळाशी फक्त क्रमांक. फळं आणि लसूण रोज ताजे; मसाले आठवड्याने बदला. हिंगाची डबी वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर दोन दिवसांत बाराही डब्या हिंगाच्या होतात.

आता काय घालू नये, ते जास्त महत्त्वाचं. बाम, कापूर, पुदिन्याचा अर्क, निलगिरी, अमोनिया, कापलेला कांदा, मिरपूड: यांपैकी एकही नको. या गोष्टी वासाबरोबर नाकात झोंबतात किंवा गार लागतात, आणि ती झोंबणी गंधाच्या मज्जातंतूने नाही तर चेहऱ्याच्या संवेदनेच्या, म्हणजे ट्रायजेमिनल मज्जातंतूने कळते. वास पूर्ण गेलेला माणूसही बाम हुंगून "हो, आला!" म्हणतो. घरोघरी हीच तपासणी होते आणि घरचे निर्धास्त होतात. लवंगसुद्धा फार घातली तर थोडी झोंबते. दोन-तीन ठेचलेल्या बस.

उलट एक अमोनियासारखी झोंबणारी बाटली बाजूला ठेवण्याचा उपयोग वेगळा आहे. कुणी ती हुंगूनही "काहीच नाही" म्हणत असेल, तर तो मुद्दाम नाही म्हणतोय का, हा प्रश्न उभा राहतो. भरपाईच्या दाव्यांत याची गरज पडते. आपल्या ओपीडीत क्वचितच.

प्रत्येक डबीसाठी चार पर्यायांचं कार्ड करा, जाड मराठी अक्षरांत, शक्य तर चित्रासह. चुकीचे तीन पर्याय बरोबर उत्तराच्या जवळचे नकोत. लवंगेसमोर दालचिनी ठेवलीत तर तुम्ही वासाची नाही, स्वयंपाकाच्या अनुभवाची परीक्षा घेताय. लवंगेसमोर केळं, साबण, कॉफी चालतील. बरोबर उत्तराची जागा दर कार्डावर बदला.

संच झाला की आधी पेशंटांच्याच वयाच्या, त्याच भागातल्या निरोगी माणसांवर तो चालवा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जो वास ओळखू येत नाही, तो काढून टाका. कोकणात एक यादी निघेल, विदर्भात थोडी वेगळी. निघू दे.

पायरी ५: खोली आणि वेळ

खोली हवेशीर हवी, पण पंख्याचा झोत टेबलावर नको. कँटीनशेजारची, नुकतं फिनाइल मारलेली किंवा देवाच्या फोटोसमोर उदबत्ती लावलेली खोली बाद. तपासणाऱ्याने अत्तर, गजरा, सुगंधी तेल टाळायचं. हात सॅनिटायझरने पुसून लगेच पेन धरू नका. वास न येणारे सुती हातमोजे घाला. पेशंटने आधी पाव तास पाण्याशिवाय काही खाल्लं-प्यालेलं नसावं. चहा, पान, बडीशेप, सगळं त्यात आलं.

लिव्होडोपा, म्हणजे कंपवातावरची मुख्य गोळी, बंद करायची गरज नाही. त्या औषधाने वास सुधारत नाही आणि बिघडतही नाही, त्यामुळे गोळी चुकवून "खरी" चाचणी घेण्यात अर्थ नाही. उलट गोळीचा अंमल चांगला असतानाची वेळ निवडा: पेशंट ताठ बसू शकतो, बोलू शकतो, नाकाने जोरात हवा ओढू शकतो. हा शेवटचा मुद्दा सहज निसटतो. २००१ मध्ये दाखवलं गेलंय की कंपवातात हुंगण्याची क्रियासुद्धा कमजोर होते, आणि कमी गुणांत तिचाही वाटा असतो. हुंगणं हीदेखील स्नायूंची हालचालच.

पायरी ६: प्रत्यक्ष चाचणी

पेशंटला समोर बसवा आणि सोबत आलेल्या व्यक्तीला मागे. हे जागेचं नियोजन फार कामाचं. नाहीतर "अहो, लवंग नाही का ही! रोज तर चहात टाकते," असं उत्तर शेजारच्या खुर्चीतून येतं. शुभंकरांना, म्हणजे पेशंटला सांभाळणाऱ्या घरच्यांना, प्रेमाने पण आधीच सांगा: "काकू, तुम्हाला कळलं तरी बोलायचं नाही हं. मानही हलवायची नाही."

मग पेशंटला सांगायची वाक्यं. ती प्रत्येक वेळी तीच असावीत, म्हणून लिहूनच ठेवा:

"काका, मी तुमच्या नाकाजवळ एक वास धरेन. दोन-तीनदा नाकाने चांगला ओढून घ्या. मग मी चार नावं वाचेन. त्यातलं एक सांगायचं. वास कळला नाही, नुसता अंदाज आला किंवा काहीच आलं नाही, तरी चारातलं एक नाव सांगायचंच. यात पास-नापास नाही."

शेवटची दोन वाक्यं गाळली की चाचणी बिघडते. आपल्याकडच्या वयस्कर माणसांना, त्यातही निवृत्त शिक्षकांना, माहीत नसलेलं उत्तर द्यायला संकोच वाटतो. ते "नाही सांगता येत" म्हणून थांबतात. कागदावर तो गुण शून्य होतो, पण अंदाजाने बरोबर येण्याची जी संधी आकडेवारीत धरलेली असते ती मात्र हुकते.

पेनाचं टोपण काढा, टोक दोन्ही नाकपुड्यांसमोर सुमारे २ सेंमीवर ३ सेकंद धरा, नाकाला लावू नका, टोपण लगेच बंद करा. डबी असेल तर तसंच. पेन किंवा डबी तुम्हीच धरायची. थरथरत्या हातात डबी दिली की ती कपड्यांवर सांडते आणि पुढचे सगळे वास त्या एका वासाचे होतात. युपसिटची पट्टीही तुम्हीच खरवडा आणि उत्तराची खूणही तुम्हीच करा. अक्षर बारीक होणं हे आजाराचंच लक्षण आहे, गोळे रंगवायला लावून त्यांना दमवू नका.

दोन वासांत किमान ३० सेकंद जाऊ द्या. नाक एका वासाला फार लवकर सरावतं. या अर्ध्या मिनिटात गप्पा मारा, पण मागच्या वासाबद्दल नाही. "बरोबर", "वा!", "नक्की ना?" यांतलं काहीही म्हणायचं नाही. चेहराही कोरा ठेवायचा. पेशंट फार हुशारीने चेहरे वाचतात. मध्ये कधीतरी एक रिकामी डबी धरून पाहा. तिलाही ठामपणे "वेलदोडा" म्हणणाऱ्याचे गुण जरा सावधपणे वाचा. ही डबी गुणांत धरायची नाही. कॉफी हुंगून नाक "साफ" करण्याची अत्तरवाल्यांची पद्धत इथे नको.

किती कमी वास जाणवतो हा भाग घ्यायचा असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधतात. तीन पेनं एकामागून एक धरायची; दोन बिनवासाची, एकात गुलाबासारखा वास किंवा ब्युटेनॉल हे वासाचं रसायन. कोणतं वेगळं ते पेशंटने सांगायचं. सर्वांत सौम्य पेनापासून वर चढत जायचं, एकाच पातळीवर दोनदा लागोपाठ बरोबर आलं की खाली उतरायचं, चुकलं की पुन्हा वर. अशी दिशा सातदा बदलते आणि शेवटच्या चार वळणांची सरासरी म्हणजे गुण. तीनही भाग मिळून अर्धा-पाऊण तास जातो. दमणाऱ्या पेशंटला मध्ये विश्रांती द्या. जमत नसेल तर फक्त ओळखण्याचा भाग घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

स्मरणशक्ती कमी असलेल्या पेशंटबाबत एक सूचना. वास ओळखायला नाव आठवावं लागतं, पर्याय लक्षात ठेवावे लागतात. कार्ड समोरच राहू द्या, नावं दोनदा वाचा, आणि स्मरणाची चाचणी झाली असेल तर तिचे गुण शेजारी लिहा.

पायरी ७: गुण वाचणं

चार पर्याय असल्यामुळे काहीही न कळणाऱ्यालाही चारातलं एक उत्तर नशिबाने येतं. म्हणजे बारा डब्यांत तीन, युपसिटमध्ये दहा. "निदान तीन तरी ओळखले" असं घरच्यांना सांगू नका. बारापैकी तीन म्हणजे वास येत नाही. शून्य गुण मात्र विचित्र. बारांत नुसत्या अंदाजाने शून्य पडण्याची शक्यता शंभरात तीनएक, चाळिसांत ती लाखात एक. युपसिटमध्ये पाच किंवा त्याहून कमी गुण आले तर उत्तरं मुद्दाम चुकवली गेली का, किंवा सूचना कळलीच नव्हती का, ते पाहतात. दुसरी शक्यता आपल्याकडे जास्त.

युपसिटमध्ये १८ पर्यंत गुण म्हणजे वास जवळजवळ गेलेला. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३५ पासून पुढे सामान्य. स्निफिन स्टिक्सच्या २०१९ च्या मोठ्या आकडेवारीनुसार ४८ पैकी १६ किंवा कमी म्हणजे वास गेलेला आणि ३०.७५ पासून पुढे सामान्य. पण हे आकडे अमेरिका-युरोपातले आणि दुसरा तर तरुणांच्या गुणांवरून ठरवलेला. पेशंटच्या वयोगटाच्या तक्त्याशीच तुलना करा. २०१५ च्या निकषांतही वय आणि लिंग लक्षात घेऊन वास स्पष्टपणे कमी असावा असंच म्हटलंय.

मग या गुणांचा उपयोग कुठे? सगळ्यात चांगला उपयोग दोन आजारांतला फरक करताना. नुसता हात थरथरणाऱ्या इसेन्शियल ट्रेमरमध्ये वास सहसा शाबूत असतो. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या कंपवातासारख्या दिसणाऱ्या आजारातही तो बराचसा टिकतो. तशाच दिसणाऱ्या मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफीत थोडा कमी होतो. याउलट लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात तो जातो, अल्झायमरमध्येही कमी होतो, तेव्हा तिथे ही चाचणी फारशी मदत करत नाही.

आपल्याकडे एक प्रसंग वारंवार येतो: ॲसिडिटी-गॅससाठी लेव्होसल्पिराइड असलेली गोळी किंवा चक्करसाठी सिनारिझिन महिनोन्‌महिने चालू, आणि पेशंटच्या हालचाली मंदावलेल्या. औषधानेच झालेला कंपवात की आधीपासून असलेला आजार औषधाने उघडा पडला? वास चांगला असेल तर पारडं पहिल्या बाजूला झुकतं. गोळ्यांची पिशवी बघितल्याशिवाय अहवाल लिहू नका.

वास चांगला आहे म्हणून कंपवात नाही, असंही म्हणता येत नाही. एलआरआरके-२ जनुकातल्या बदलाने होणाऱ्या कंपवातात बऱ्याच जणांचा वास शाबूत राहतो. कमी वयात होणाऱ्या पार्किन जनुकाच्या प्रकारातही. २०२३ मध्ये मणक्यातल्या पाण्यात चुकीच्या घडीचं अल्फा-सिन्युक्लीन शोधणाऱ्या चाचणीचे निकाल आले. त्यांतही वास गेलेल्या पेशंटांत ती जवळजवळ सगळ्यांत सकारात्मक निघाली, वास टिकलेल्यांत बरीच कमी. एकाच नावाखाली बहुधा एकाहून जास्त आजार आहेत.

पायरी ८: निकाल सांगणं आणि त्यापुढचं

ज्याचं निदान आधीच झालंय, त्याला सांगणं सोपं. "तुमच्या आजाराचाच हा भाग आहे. जेवण बेचव लागतं ते यामुळेही." पुष्कळ घरांत या एका वाक्याने स्वयंपाकघरातली जुनी भांडणं मिटतात. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळतं. पदार्थाची बाकी बरीचशी चव नाकातून येते. त्यामुळे चव लागेना म्हणून मीठ वाढवत जाणं हा धोका. त्याऐवजी लिंबू, कोकम, दही, कोशिंबिरीतला कुरकुरीतपणा, पदार्थांचे रंग यांवर भर द्यायला सांगा. दर महिन्याला वजन करायला सांगा.

ज्याचं निदान झालेलं नाही, त्याला "वास कमी आहे, कारणं अनेक असतात, डॉक्टर बाकीच्या तपासणीबरोबर बघतील" एवढंच सांगा. कंपवात हा शब्द कार्यकर्त्याने उच्चारू नये. वास कमी असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार नसतो.

मग घरच्या सुरक्षेची यादी. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास यांना येणार नाही. गॅस कळवणारं यंत्र बसवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ते जमिनीलगत बसवायचं असतं. रात्री रेग्युलेटर बंद. गळतीची तक्रार करायचा १९०६ हा क्रमांक ओट्याजवळ चिकटवा. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहा, कारण आंबलेली आमटी हुंगून कळणार नाही. दूध तापवताना आणि कुकर लावताना टायमर लावा. अंगाच्या, कपड्यांच्या वासाबद्दल घरातल्या एका माणसाने हळूच सांगायचं ठरवून घ्या. हे लोकांना सगळ्यात जास्त लाजिरवाणं वाटतं आणि ते स्वतःहून कधीच विचारत नाहीत. नसलेले वास, जळकट किंवा कुजकट, येत असतील तर डॉक्टरांना सांगा.

वास परत येतो का, हा प्रश्न येणारच. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे लक्ष देऊन हुंगण्याचा सराव हुमेल यांच्या गटाने सुचवला. २०१३ मध्ये कंपवाताच्या पेशंटांतही त्याने थोडी सुधारणा दिसली. खर्च नाही, अपाय नाही, म्हणून करायला हरकत नाही. चमत्काराची आशा दाखवू नका. त्याच्या नावाने विकली जाणारी महागडी तेलं घेण्याची गरज नाही, घरची लवंग आणि लिंबाची साल चालते.

चाचणी पुन्हा कधी? सराव केला असेल तर तीन महिन्यांनी. सर्दी किंवा कोविड होऊन गेला असेल तर नाक पूर्ण मोकळं झाल्यावर. एरवी दर भेटीला घेऊ नका. गुण वर्षानुवर्षं फारसे हलत नाहीत आणि औषधाला प्रतिसाद कसा आहे हेही त्यांतून कळत नाही. अहवालावर चाचणीचं नाव, आवृत्ती, भाषा, कोणते पर्याय बदलले आणि पेनांची मुदत लिहून सही करा, म्हणजे पुढच्या माणसाला तुमचे आकडे वापरता येतील.